कवडशांचा मांडव

निसर्गातील एखाद्या रचनेवरून सुचलेला आणि आत शिरून पाहावयाचा कलामंडप उभारायचा झाल्यास त्याची प्रकाशयोजना कशी करावी, याविषयी सातारा व सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. नाटके, प्रदर्शने आणि गणेशोत्सवातील देखावे यांच्या दिव्यांची कामे मी साताऱ्यात बरीच वर्षे करीत असल्यामुळे संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे सोपवली. त्यांतील पाच येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातील कलाप्रदर्शनासाठी मैदानावर सुगरणीच्या घरट्याच्या आकाराचा, बारा फूट उंचीचा बांबूचा मंडप मुलांच्या मदतीने उभारायचा आहे. एका वेळी दहा-बारा मुले आत मावतील. आतून एलईडीच्या पट्ट्या लावून सगळा मंडप उजळून टाकावा, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. सुरुवात कोठून करावी? (चित्रकला शिक्षिका, सातारा)

उत्तर : आत किती अंधार हवा, हे आधी ठरवा आणि दिव्यांचा हिशेब त्यानंतर करा. डिसेंबरातील दुपारी मोकळ्या मैदानावर सत्तर-ऐंशी हजार लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) एवढा उजेड असतो, चांगल्या उजेडाच्या वर्गात तो तीनशे ते पाचशे लक्स असतो आणि पौर्णिमेच्या रात्री जेमतेम पाव लक्स. या सगळ्या उजेडांत आपला डोळा काम करू शकतो, परंतु एका उजेडातून दुसऱ्यात जाताना त्याला वेळ लागतो. बाहुली काही सेकंदांत मोठी होते. दृष्टिपटलावरील पेशींना मात्र काळोखाशी जुळवून घ्यायला बराच अवधी लागतो, आणि पूर्ण काळोखाला डोळा सरावण्यास वीस ते तीस मिनिटे जातात. तुमच्या मंडपात एक मूल पाच मिनिटे थांबेल. उन्हातून थेट वीस लक्सच्या दालनात आलेले ते मूल पहिली दोन मिनिटे चाचपडत काढील आणि मग सहकारी म्हणतील की उजेड कमी पडला, आणखी चार दिवे लावा. अतिप्रकाशित मंडपांचा जन्म बहुधा असाच होतो.

यावरचा उपाय सुगरणीने तुम्हाला आयताच दिलेला आहे. तिच्या घरट्याला खाली लोंबणारी नळी असते आणि पक्षी त्या नळीतून वर शिरतो. तुमच्या मंडपालाही आठ-दहा फूट लांबीचा, थोडा बसका आणि एक वळण असलेला बोळ द्या. बोळाच्या आधी कनातीची सावली, मग गोणपाटाने किंवा कुडाने झाकलेला बोळ आणि मग दालन, अशा तीन पायऱ्यांनी उजेड उतरत गेला की वीस लक्ससुद्धा पुरेसा वाटतो. वळण असे घ्या की आत उभे राहिल्यावर बाहेरचे मैदान दिसणार नाही. उन्हाची एक उभी फट डोळ्यासमोर राहिली तरी सगळी मेहनत वाया जाते. (फोनवर मिळणारे लक्स मोजण्याचे साधन फारसे अचूक नसते, पण तुलनेपुरते चालते. मुलांना ते काम द्या, त्यांना आवडेल.)

दिवसा आत एकही दिवा लावू नका, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. विणीच्या फटींतून येणारी तिरीप पुरेशी असते. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमचे ॲलन पार्किन्सन १९९२ पासून हवेने फुगवलेल्या रंगीत प्लॅस्टिकच्या गुहा जगभर फिरवीत आहेत. माणसे बूट काढून आत जातात आणि आतला तो झगमगीत रंग निव्वळ बाहेरच्या दिवसाच्या उजेडाचा असतो.

संध्याकाळसाठी आठ-दहा लहान दिवे पुरे. ते खाली, विणीच्या अगदी जवळ ठेवा आणि त्यांचा झोत विणीवरून वर सरपटत जाऊ द्या, म्हणजे बांबूच्या प्रत्येक कामटीची सावली पडेल आणि बुरुडाचे काम दिसेल. समोरून टाकलेला उजेड तेच काम सपाट करून टाकतो. दिव्याचा रंग २७०० ते ३००० केल्विनचा, म्हणजे उबदार पिवळसर घ्या. ६५०० केल्विनच्या पांढऱ्याफेक दिव्यात बांबू मेल्यासारखा राखाडी दिसतो. त्या उजेडात रंग किती खरे दिसतात हे सांगणारा रंगदर्शक निर्देशांक (सीआरआय) ९० किंवा त्याहून अधिक असल्याचे खोक्यावर छापलेले पाहूनच खरेदी करा. पट्ट्यांबद्दल सांगायचे तर माझ्या पहिल्या मंडपात मी साठ मीटर पट्टी लावली होती आणि उद्घाटनाला आलेल्या एका आजोबांनी आत पाऊल टाकताच, पेढे कोणत्या बाजूला आहेत, असे मला विचारले होते.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगा. घरटे सुगरणीचे म्हटले जाते खरे, पण ते विणतो नर. सालिम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीम येथे या पक्ष्यांचे निरीक्षण केले होते. अर्धवट विणलेली घरटी पाहून मादी पसंती देते आणि त्यानंतरच नर उरलेले काम पुरे करतो. घरट्यात आतून चिखलाचे गोळे लावलेले सापडतात आणि त्या चिखलात काजवे खोचून सुगरण रात्री उजेड करते, असे जुनी माणसे सांगत. चिखलाचा उपयोग बहुधा वाऱ्यात घरटे फार हेलकावू नये म्हणून वजनासाठी होत असावा. पण मंडपाच्या प्रकाशयोजनेला यापेक्षा चांगली कल्पना मला तरी सुचणार नाही.

प्रश्न : आम्ही मित्रांनी गेल्या हिवाळ्यात मळ्यात एक छोटा मंडप केला. छत प्लायवूडचे, जमिनीपासून साडेतीन मीटर उंच. पिंपळाखाली बसल्यासारखे वाटावे म्हणून छतात पिंपळपानाच्या आकाराची, सुमारे दोन सेंटिमीटरची शंभर-दीडशे भोके पाडली. जमिनीवर मात्र पाने उमटली नाहीत, सगळे लंबगोल ठिपके आले. करवत चालवण्यात आमची चूक झाली का? (वाचक, मिरज)

उत्तर : तुमच्या करवतीचा काहीही दोष नाही. जमिनीवर जे उमटले ते सूर्याचे चित्र होते. भोक लहान आणि जमीन दूर असली की भोकाचा आकार पुसला जातो आणि उजेडाच्या उगमाचा आकार उरतो. खऱ्या पिंपळाखाली जाऊन पाहा. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, तरीही खाली पडणारे कवडसे गोलच असतात. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण दिसले, तेव्हा झाडांखालच्या अंगणात गोल कवडशांच्या जागी शेकडो चंद्रकोरी पडल्या होत्या. फटी त्याच होत्या. बदलला होता तो सूर्य.

हा प्रश्न पडलेले तुम्ही पहिले नव्हेत. ॲरिस्टॉटलच्या परंपरेतील एका प्रश्नसंग्रहात, विणकामाच्या चौकोनी छिद्रांतून आलेले ऊन गोल का पडते, असा प्रश्न विचारलेला आहे, आणि तो बुरूडकामाच्या उदाहरणानेच विचारलेला आहे याची मला मोठी मौज वाटते. समाधानकारक उत्तर खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याने एक पुस्तक उंचावर ठेवले, पुस्तकाच्या कोपऱ्यापासून एक दोरा कोनदार भोकातून खाली जमिनीपर्यंत ताणला आणि तो भोकाच्या कडेकडेने फिरवून जमिनीवर आकृती काढली. मग दुसऱ्या कोपऱ्यापासून, मग कडांपासून, असे करीत गेल्यावर भोकाच्या असंख्य आकृत्या एकमेकींवर पडून जमिनीवर शेवटी पुस्तकाचा चौकोन तयार झाला. पुस्तकाच्या जागी सूर्य ठेवला की तुमचा मंडप झाला.

आता हिशेब. आकाशात सूर्याची रुंदी सुमारे अर्धा अंश दिसते. म्हणून भोकापासून कवडशापर्यंतच्या अंतराला १०८ ने भागले की कवडशाची रुंदी मिळते. डिसेंबरअखेरीस मिरजेत माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर असतो; त्यामुळे साडेतीन मीटर उंचीवरून तिरपी येणारी किरणे जमीन गाठेपर्यंत साडेचार मीटरहून थोडी अधिक वाट चालतात. सूर्याचे चित्र सव्वाचार सेंटिमीटर रुंद होते आणि किरणे तिरपी असल्याने ते ताणले जाऊन साडेपाच सेंटिमीटर लांब होते. दोन सेंटिमीटरचे पान त्यात विरघळून जाणारच. मे महिन्यात, सूर्य डोक्यावर असताना, हेच ठिपके तुम्हाला जवळजवळ पूर्ण गोल आणि आकाराने लहान दिसतील.

दिवसा पानेच हवी असतील तर ती छतातून भिंतीत आणा. सकाळच्या तिरप्या उन्हाकडे तोंड करून एक पातळ फळी उभी करा, तीत हीच पाने कापा आणि तिच्यामागे अर्ध्या मीटरवर पांढरे कापड ताणा. त्या अंतरावर कडा जेमतेम अर्धा सेंटिमीटर पुसट होतील, म्हणजे दोन सेंटिमीटरचे पान देठासकट ओळखू येईल. छतातच पाने हवी असतील, तर ती निदान वीस सेंटिमीटरची कापावी लागतील. मला विचाराल तर छताला हात लावू नये. कवडसा आपल्या रुंदीएवढे अंतर सुमारे दोन मिनिटांत सरकतो; जमिनीवर खडूने एखाद्याभोवती रेघ ओढून बसलात तर पृथ्वी फिरताना दिसते. पानांपेक्षा हे अधिक मोलाचे आहे. थोडा धूप घातला की छतापासून जमिनीपर्यंतच्या तिरपीही हवेत उभ्या राहतात. जुन्या घरात कौलांमध्ये बसवलेल्या काचेखाली दुपारी हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

खरी गंमत रात्री आहे, आणि तेवढ्यासाठी तरी तुम्ही भोके बुजवू नयेत. छताच्या वर पावणेदोन मीटरवर एकच एलईडी दिवा टांगा, ज्याची उजेड देणारी टिकली अर्ध्या सेंटिमीटरची आहे आणि जिच्यावर दुधी झाकण नाही. अशा दिव्याची रुंदी नगण्य असल्याने या वेळी उगमाचे चित्र उमटत नाही, भोकाचे उमटते. दिव्यापासून जमिनीचे अंतर छताच्या अंतराच्या तिप्पट असल्यामुळे दोन सेंटिमीटरचे पान सहा सेंटिमीटरचे होऊन पडेल आणि त्याची कड फार तर एक सेंटिमीटर पुसट असेल. ज्या छतातून दिवसा सूर्य उतरतात, त्याच छतातून रात्री पिंपळपाने उतरतील. दिवा दोरीने किंचित हलवला तर सगळी पाने एकदम सळसळतील. तेथे चार फुटी ट्यूब लावाल तर तिच्या लांबीच्या दिशेने प्रत्येक पान अडीच मीटरपर्यंत फासले जाईल आणि जमिनीवर नुसता धूसर उजेड उरेल. दोन दिवे लावाल तर प्रत्येक पान दोनदा पडेल. म्हणून दिवा एकच लावा, आणि तोही उघडा.

प्रश्न : यंदा आमच्या मंडळाने आत फिरून पाहण्याचा जंगलाचा देखावा ठरवला आहे. लायटिंगवाले रंग बदलणारे दिवे आणि चारशे काजवे लावून देतो म्हणतात. ते नैसर्गिक वाटेल का? (गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते, सांगली)

उत्तर : रंग बदलणाऱ्या दिव्यांना माझा सरसकट विरोध नाही, परंतु जंगलात जांभळा, गुलाबी आणि निळा हे रंग दर चार सेकंदांनी एकापाठोपाठ येत नाहीत. जंगलातला रंगबदल संथ असतो. पहाटेच्या करड्यापासून सकाळच्या पिवळ्यापर्यंत जायला सूर्याला जेवढा वेळ लागतो, त्याचा विसावा हिस्सा तरी तुम्ही घ्या. एका फेरीला पाच ते सात मिनिटे ठेवली की प्रेक्षकाला बदल होताना दिसत नाही, झाल्यावर जाणवतो. याला लागणारी सोय तुमच्या लायटिंगवाल्यांकडे असणारच. नाटकाच्या आणि कार्यक्रमांच्या दिव्यांना आज्ञा देणाऱ्या डीएमएक्स पद्धतीत एका तारेवरून ५१२ वाहिन्या चालतात, आणि तुम्हाला फार तर वीस लागतील.

काजव्यांचे म्हणाल तर चारशे काजवे सलग लुकलुकले की त्यांना लग्नाच्या माळेचे रूप येते. साठ पुरेत. सह्याद्रीतील काजवे मृगाच्या सुमारास, पावसाच्या तोंडावर दिसतात. बहुतेक जातींत नर उडता उडता चमकतो आणि गवतात किंवा झुडपावर बसलेली मादी त्याला उत्तर देते. म्हणजे तुमच्या देखाव्यात निम्मे दिवे स्थिर आणि खाली असावेत, निम्मे पातळ काळ्या तारांवर टांगलेले असावेत आणि पंख्याच्या मंद वाऱ्याने ते हलावेत. रंग पिवळसर हिरवा. चमक हळूच चढून हळूच विझावी. चालू-बंद अशी झटक्याने होऊ नये. दोन चमकांमधील वेळ प्रत्येक दिव्यासाठी थोडा वेगळा ठेवा. मध्ये कधीतरी आठ-दहा सेकंद एकही काजवा चमकू नये. लायटिंगवाले म्हणतील की लोकांना वाटेल लाइट गेली. वाटू द्या.

हे सगळे दिसण्यासाठी पार्श्वभूमी काळी हवी. निळ्या दिव्याने रंगवलेली रात्र आणि हिरव्या दिव्याने रंगवलेली पाने यांच्यात काजवा दिसणार नाही. खऱ्या काजव्यांचेही तेच होते. आपल्या दिव्यांमुळे नर-मादीला एकमेकांच्या खुणा दिसेनाशा होतात. तेव्हा काजव्यांच्या कोपऱ्यातून इतर सगळे दिवे काढून घ्या आणि तो कोपरा वाटेच्या शेवटी ठेवा, कारण तेथे पोहोचेपर्यंत रांगेतल्या माणसाचा डोळा काळोखाला बराच सरावलेला असेल.

प्रश्न : बांबू, गवत, कापड आणि वीज, त्यात पाऊस. अशा मंडपात मुलांना पाठवावे का? (एक पालक, कराड)

उत्तर : पुढील गोष्टी विचारून घ्या आणि त्यांतील एकीचेही उत्तर नाही असे आले तर पाठवू नका. माणसाचा हात पोहोचेल तेथील सगळे दिवे २४ व्होल्टचे आहेत का आणि २३० व्होल्टचे काम मंडपाबाहेर, झाकलेल्या पेटीत आहे का? पेटीत ३० मिलिॲम्पिअरला तुटणारा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) आहे का, आणि अर्थिंग खरोखर जमिनीत गेलेले आहे का? उघड्यावरचे दिवे आयपी ६५ चे (दिवा धूळ-पाण्यापासून किती सुरक्षित आहे, ते हा आकडा सांगतो) आणि पाण्यात बुडू शकणाऱ्या जागेवरचे आयपी ६७ चे आहेत का? जुने हॅलोजन सगळे काढून टाकले आहेत का? त्यांची काच वाळलेले गवत पेटवण्याइतकी तापते. एलईडीला वीज पुरवणाऱ्या डब्या, म्हणजे ड्रायव्हरही गरम होतात, ते दिसू नयेत म्हणून बांबूच्या पोकळीत किंवा गवतात कोंबलेले नसावेत. वीज गेली तर बॅटरीवर लागणारा दिवा बाहेरच्या वाटेवर आहे का? आणि दारे दोन आहेत का? सुगरणीच्या घरट्याला एकच दार असते, तेवढ्या बाबतीत तिचे अनुकरण करू नये.

नदीकाठच्या जागेबद्दल तुमच्या गावात मी वेगळे सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या माणसाने विजेची पेटी जमिनीवर ठेवलेली मला अजून दिसलेली नाही.

प्रश्न : कासच्या पठारावर, फुलांच्या दिवसांत, असा एखादा प्रकाशमंडप उभारला तर पर्यटनाला चालना मिळेल का? तसेच आपल्या भागात अशी कामे प्रत्यक्ष कोठे पाहता येतील? (वास्तुकलेचा विद्यार्थी, वाई)

उत्तर : कासला उभारू नये. पश्चिम घाटातील ज्या जागांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत कास आहे. जांभ्यावरच्या वीतभरही नसलेल्या मातीत ती फुले उभी असतात आणि फुलांकडे येणाऱ्या कीटकांपैकी कित्येक रात्रीचे असतात. दिव्याभोवती घिरट्या घालणारा पतंग त्या रात्री फुलावर जात नाही. कासपासून घ्यायचे ते घरी आणून वापरावे.

ते कसे, याचे एक उदाहरण आहे. मुंबईचे वास्तुरचनाकार बिजॉय जैन यांनी २०१६ मध्ये मेलबर्न येथे बांबूचा एक मंडप उभारला. त्याच्या छताची तावदाने कारवीच्या काड्या शेजारी-शेजारी मांडून शिवलेली होती. कासला सात वर्षांनी फुलणारी टोपली कारवी त्याच कुळातली, आणि डोंगरातल्या घरांच्या कुडाच्या भिंती कारवीच्याच असतात. अशा भिंतीत दुपारी बसून पाहिले असेल त्याला त्या छताखालचा उजेड सांगावा लागणार नाही. वाईजवळच्या डोंगरातल्या वस्त्यांवर कुडाचे एखादे घर शोधा आणि घरधन्याची परवानगी घेऊन आत बसा.

तयार मंडप दाखवता आले नाहीत तरी उजेडाच्या दोन जागा तुमच्यापासून एका दिवसात होण्यासारख्या आहेत. सातारा जिल्ह्यातील औंधचे श्री भवानी संग्रहालय बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारले, आणि तेथील चित्रे दिवसाच्या नैसर्गिक उजेडात पाहावीत अशी इमारतीची योजना आहे. राजा रविवर्म्याच्या चित्रासमोर उभे राहून एखादा ढग जाईपर्यंत थांबा. चित्रातील साडीचा रंग बदलतो. दुसरी जागा साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेली ही अष्टकोनी विहीर सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद आहे, आणि जिना उतरून तिच्या पोटातील दगडी महालात जाता येते. पहिल्या उत्तरात मी बोळाविषयी जे सांगितले ते तेथे दगडात बांधलेले आहे. उन्हातून जिन्यात, जिन्यातून कमानीत आणि कमानीतून पाण्यावरच्या उजेडात आपण पायरीपायरीने जातो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य तेथे बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसांत साडेबाराच्या आधी पोहोचा आणि वही-पेन्सिलीबरोबर मोजपट्टीही न्या.